साथ ओसरली, मनावरचे ओझे उरले

(बेंगळुरूच्या जयनगर भागात रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांसमोर एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला बोलावणे आले तेव्हा मी तुमच्या कार्यकर्त्यांना विचारले, "रेल्वे आणि पोस्टाच्या माणसांना रुग्णालयातल्या माणसांच्या मनाशी काय देणेघेणे?" ते म्हणाले, "ताई, तुम्ही या तर खऱ्या. देणेघेणे काय आहे ते आम्हीच तुम्हाला सांगू." मघापासून तुमच्यापैकी दोघातिघांशी बोलले आणि मला पटले की माझा प्रश्नच चुकीचा होता.

मी हुबळीची. वडील रेल्वेत होते. रात्रपाळी करून घरी आलेल्या माणसाशी मोठ्याने बोलायचे नाही, हे आम्ही मुले लिहायला-वाचायला शिकण्याआधी शिकलो. पुढे मी परिचारिका झाले, तीस वर्षांहून अधिक काळ वॉर्डात काढला, आणि त्यातली शेवटची वर्षे कोविडची होती. त्या दिवसांत आमच्या मनाचे काय झाले आणि त्याचा कामगार चळवळीशी काय संबंध आहे, एवढेच मी आज सांगणार आहे.

हे सांगायला जयनगर ही जागा योग्य आहे. या वसाहतीचा पाया 1948 साली घातला गेला, राजगोपालाचारींच्या हस्ते उभा राहिलेला अशोक स्तंभ तुम्ही येताना पाहिला असेल. इथून होसूर रस्त्याच्या बाजूला निघालात की थोड्याच अंतरावर निम्हान्स लागते, मनाच्या आणि मेंदूच्या आजारांची राष्ट्रीय संस्था. जुने मनोरुग्णालय आणि 1954 सालची प्रशिक्षण संस्था यांचे एकत्रीकरण होऊन डिसेंबर 1974 मध्ये ती आजच्या रूपात आली. 1974 म्हटले की तुम्हाला दुसरीच गोष्ट आठवणार. त्याच वर्षी मे महिन्यात देशभरातल्या रेल्वे कामगारांनी संप केला होता. त्याच्या आदल्या वर्षी, 1973 साली, इंजिनावरच्या कामगारांनी ड्यूटीच्या तासांसाठी लढा दिला आणि सही केल्यापासून सही करेपर्यंत दहा तासांची मर्यादा मान्य करून घेतली. ही तासांची गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

साथ आणि तुमचे खाते यांचा संबंध फार जुना आहे. 1898 च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरूत प्लेग आला तो हुबळीकडून रेल्वेच्या वाटेने. शेजारच्या बसवनगुडीच्या आणि तिकडे मल्लेश्वरमच्या वसाहतींना त्या प्लेगनंतरच वेग आला. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात गेल्या. त्यांनाही लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्यांचे निधन झाले. आपण त्यांना वंदन करतो आणि केलेच पाहिजे. पण रुग्णसेवा करणाऱ्याला वंदन केले की आपले कर्तव्य संपले, अशी एक सवय समाजाला लागली आहे, आणि तिचा त्रास आम्हाला फार झाला.

22 मार्च 2020 ची संध्याकाळ आठवा. पाच वाजता सगळ्यांनी टाळ्या-थाळ्या वाजवल्या. मी ड्यूटीवर होते, खिडकीतून आवाज ऐकला आणि डोळ्यांत पाणी आले, खोटे कशाला बोलू? पण त्याच दिवसांत आमच्यातल्या कितीतरी जणींना घरमालक खोली रिकामी करा म्हणून सांगत होते. दिल्लीच्या निवासी डॉक्टरांनी त्यासाठी थेट गृहमंत्र्यांना पत्र लिहिले. एप्रिलमध्ये याच शहरात घरोघर माहिती गोळा करायला गेलेल्या आशा कार्यकर्त्यांवर हल्ला झाला. त्याच महिन्यात चेन्नईत डॉ. सायमन हर्क्युलिस कोविडने वारले, तर लोकांनी त्यांच्या दफनालासुद्धा विरोध केला, शववाहिनीवर दगड मारले. सकाळी देव म्हणायचे आणि संध्याकाळी विटाळ मानायचा! ज्याला हे भोगावे लागते त्याच्या मनात काय होत असेल? तुमच्यातले पोस्टमन बंधू टाळेबंदीत औषधांची पार्सले घेऊन आणि खात्यातले पैसे दारात द्यायला जात होते. "दुरूनच ठेवा" असे किती जणांनी ऐकले असेल, ते हात वर करून सांगतील.

आता मनाचे म्हणजे नेमके काय होते, ते सांगते. लोकांना वाटते की भीती वाटते, बस्स. भीती तर वाटतेच. 1994 च्या सप्टेंबरमध्ये सुरतला प्लेगची बातमी आली तेव्हा गाड्या भरभरून माणसे बाहेर पडली, आणि त्यांत कितीतरी खाजगी डॉक्टरही होते. भीती हा गुन्हा नाही. आम्हाला स्वतःच्या मरणाची भीती कमी वाटायची, आपण घरी रोग नेऊ ही भीती जास्त. माझी एक सहकारी घरी गेली की मागच्या मोरीत अंघोळ करायची, कपडे उकळत्या पाण्यात टाकायची, आणि तरी आपल्या दोन वर्षांच्या मुलीला जवळ घ्यायची नाही. मुलगी दाराशी उभी राहून रडायची. साथ गेली, तरी ती बाई दिवसातून वीस-पंचवीस वेळा हात धुते. हाताची कातडी गेली आहे. तिला विचारले तर म्हणते, "मला माहीत आहे हो, हात स्वच्छ आहेत. पण थांबता येत नाही."

दुसरी गोष्ट थकव्याची. ज्यांनी संरक्षक पोशाख घातला नसेल त्यांना सांगते. एकदा तो चढवला की सहा-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणे नाही. आत घाम, चष्म्यावर वाफ, आणि समोरच्या माणसाला तुमचा चेहरा दिसत नाही. आमच्या कामात अर्धे औषध चेहऱ्याचे असते. ते आमच्याकडून काढून घेतले गेले होते. सुटी मागितली तर उत्तर यायचे, "तुमच्या जागी कोण?" आणि जागी खरेच कोणी नसायचे, कारण निम्म्या जागा साथ येण्याआधीपासूनच रिकाम्या होत्या.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, आणि तिच्याविषयी कमी बोलले जाते. 2021 चा एप्रिल-मे आठवा. बेंगळुरूत खाटा मिळत नव्हत्या, प्राणवायू मिळत नव्हता, विल्सन गार्डनच्या आणि बनशंकरीच्या स्मशानभूमीसमोर रुग्णवाहिकांच्या रांगा लागल्या होत्या. आमच्याकडची एक तरुण मुलगी, नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करून जेमतेम दोन वर्षे झालेली, तिला वरिष्ठांनी फोनवर बसवले. वॉर्डापेक्षा तिथे धोका कमी, म्हणून सर्वांना वाटले की तिला सोपे काम मिळाले. तिचे काम एवढेच, फोन आला की सांगायचे : खाट नाही. एका दिवसात शंभर वेळा, दीडशे वेळा. पलीकडून माणूस रडतो, शिव्या देतो, पैसे देऊ करतो, आणि कधी कधी बोलता बोलता पलीकडे रडारड सुरू होते आणि फोन तसाच चालू राहतो. तिने एकाही रुग्णाला हात लावला नाही. तिला कोविड झाला नाही. आणि आमच्या सर्वांत ती सगळ्यात जास्त मोडली. वर्षभराने तिने नोकरी सोडली. आजही फोनची घंटा वाजली की तिच्या छातीत धडधडते, घरात सगळे फोन आवाज बंद करून ठेवतात.

तुमच्यात तिकीट खिडकीवर बसणारे असतील. दिवाळीच्या गर्दीत "जागा नाही" असे दिवसभर सांगून माणूस किती वैतागतो, ते तुम्ही जाणता. आता अशी कल्पना करा की त्या प्रत्येक "जागा नाही"चा अर्थ एक मरण आहे. इंजिनावरचे बंधू तर याहून जवळचे जाणतात. माणूस रुळावर आला, ब्रेक लावला, पण गाडी थांबायला वेळ लागतो. चूक चालकाची नसते. तरी तो चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून जात नाही, आणि त्याला गाडी पुढे न्यावीच लागते. मानसोपचाराचे जाणकार याला नैतिक जखम म्हणतात. आपल्याला जे योग्य वाटते ते करता आले नाही आणि त्याचा दोष मात्र आपण आपल्यालाच देत राहतो, तेव्हा ही जखम होते. या जखमेत रक्त येत नाही, म्हणून तिची नोंद अपघाताच्या वहीत होत नाही.

यावर व्यवस्थापनाचे उत्तर काय होते? आमच्याकडे एक दिवस एक गृहस्थ आले आणि त्यांनी आम्हाला दीर्घ श्वास घ्यायला शिकवले. त्यांना मी दोष देत नाही, श्वासाचा उपयोग होतो. पण कार्यक्रम ठेवला होता रात्रपाळी संपल्यावर, सकाळी साडेआठला! बारा तास काम केलेल्या बायका भिंतीला टेकून झोपी गेल्या. आमचे वरिष्ठ म्हणाले, "यांना स्वतःच्या मनाची काळजीच नाही."

बंधू-भगिनींनो, माझ्या बोलण्याचा गाभा इथे आहे. साथीत काम करणाऱ्याचे मन खचते, तेव्हा त्याला सांगितले जाते की तुझे मन कमकुवत आहे, ते घट्ट कर. अनुभव आणि अभ्यास दोन्ही वेगळेच सांगतात. 2003 साली सार्स नावाची साथ आली. जगभर 8,096 माणसांना तो रोग झाल्याची नोंद आहे, आणि त्यांतली 1,706 माणसे रुग्णसेवेतली होती. म्हणजे पाचांत एक. कॅनडातल्या टोरांटो शहरात तो फार पसरला. साथ संपल्यावर तेरा ते सव्वीस महिन्यांनी तिथल्या संशोधकांनी टोरांटोतल्या नऊ रुग्णालयांतल्या आणि जिथे सार्सचे रुग्णच नव्हते अशा हॅमिल्टन शहरातल्या चार रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांची तुलना केली. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. दीड-दोन वर्षे उलटली तरी टोरांटोच्या कर्मचाऱ्यांत मनाचा त्रास, कामाने आतून विझून जाणे आणि आघाताची लक्षणे स्पष्टपणे अधिक होती. कित्येकांनी कामाचे तास कमी केले होते, रुग्णांपासून दूर राहू लागले होते. आणि ज्यांना असे वाटले होते की आपल्याला पुरेसे प्रशिक्षण मिळाले, संरक्षण मिळाले, पाठीशी कोणीतरी उभे राहिले, त्यांना त्रास कमी झाला होता.

म्हणजे बघा, एकच रोग, एकच भीती. फरक पडला तो प्रशिक्षणाने, संरक्षणाने आणि पाठिंब्याने. या तिन्ही गोष्टी मालकाच्या हातातल्या आहेत, आणि म्हणून त्या संघटनेच्या मागणीपत्रात बसतात. 1973 साली इंजिनावरचा कामगार जेव्हा दहा तासांची मर्यादा मागत होता, तेव्हा त्यालाही कोणी म्हणू शकले असते की झोप येत असेल तर मन घट्ट कर. तो म्हणाला, मन माझे मी बघतो, तुम्ही तास बघा.

आमच्यातल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या बायकांना हे आधी उमगले. 10 जुलै 2020 पासून कर्नाटकातल्या सुमारे बेचाळीस हजार आशा कार्यकर्त्यांनी संप केला. दरमहा बारा हजार रुपये निश्चित मानधन आणि संरक्षणाची साधने द्या, एवढीच मागणी. महाराष्ट्रातल्या आशाताईंनीही जून 2021 मध्ये तेच केले. 3 मे 2020 ला हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर फुले टाकली होती. त्या बायकांचे म्हणणे एवढेच होते की आम्हाला मुखपट्टी द्या.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. रुग्णसेवकांवर हात उगारणाऱ्याला कडक शिक्षा देणारा वटहुकूम 22 एप्रिल 2020 ला निघाला आणि पुढे त्याचा कायदा झाला. रुग्णसेवकाचा कोविडच्या कामात मृत्यू झाला तर कुटुंबाला पन्नास लाखांचा विमा जाहीर झाला. टपाल खात्यानेही ग्रामीण डाक सेवकांसह आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दहा लाखांची भरपाई जाहीर केली. पण हे सगळे मरणासाठी. माणूस जिवंत राहिला आणि त्याची झोप कायमची गेली, तर त्याचे काय, याचे कलम कुठेच नाही. आणि मेलेल्यांची मोजदाद तरी नीट झाली का? सप्टेंबर 2020 मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले की कोविडने मेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती केंद्राच्या पातळीवर ठेवली जात नाही, कारण आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. डॉक्टरांच्या संघटनेने आपली माणसे स्वतः मोजली. पहिल्या लाटेत 748, दुसऱ्या लाटेत जून 2021 अखेरपर्यंत 798. सफाईवाली मावशी आणि शव बांधणारा वॉर्डबॉय यांना कोणी मोजले? तुमच्याकडे 10 मे 2021 ला रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी सांगितले की तोपर्यंत 1,952 रेल्वे कर्मचारी कोविडने गेले आहेत. निदान एक आकडा मिळाला. ज्या सोबत्याची मोजणीही होत नाही, त्याच्या शेजारी उभे राहून काम केलेल्या माणसाचे दुःख दुप्पट होते.

आता आपण काय मागायचे? माझ्या अनुभवावरून मी काही मुद्दे सुचवते. रुग्णालय असो, स्टेशन असो की सॉर्टिंगची खोली, ते सगळीकडे लागू आहेत.

पहिला, साथ येण्याआधी प्रशिक्षण आणि साठा. आग लागल्यावर विहीर खणायला निघायचे नाही.

दुसरा, साथीच्या कामात पाळी छोटी, आणि ठरलेली सुटी सक्तीची. ती मागावी लागू नये.

तिसरा, लागण झाली किंवा वेगळे राहावे लागले तर ते दिवस ड्यूटीचे धरले जावेत, स्वतःच्या रजेतून कापू नयेत.

चौथा, कंत्राटी माणसाला कायम माणसाइतकेच संरक्षण. रोगाला मस्टर वाचता येत नाही.

पाचवा, खाट नाही, गाडी नाही, पैसे नाहीत, अशी वाईट बातमी सांगण्याच्या कामावर एकाच माणसाला रोज बसवू नये. फिरती पाळी लावावी.

सहावा, साथ संपल्यावर निदान दोन वर्षे मनाच्या तपासणीची सोय, ड्यूटीच्या वेळात आणि गुप्त. गुप्त हा शब्द मी मुद्दाम वापरते. चालक बंधूंना माहीत आहे की झोप लागत नाही असे डॉक्टरला सांगितले तर मेडिकल कॅटेगरी जाईल, ही धास्ती असते. म्हणून माणूस गप्प बसतो आणि तसाच इंजिनावर चढतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यानुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही की त्याचा हुद्दा उतरवता येत नाही, आणि त्या कायद्याच्या यादीत मानसिक आजारही आहे. ही दोन कलमे संघटनेच्या प्रत्येक शाखेने फलकावर लावावीत.

मागण्या मान्य होईपर्यंत आपल्या हातात काय आहे, तेही सांगते. शेजारी काम करणारा माणूस पूर्वी हसायचा आणि आता बोलत नाही, डबा तसाच परत नेतो, दारू वाढली आहे, बारीकसारीक गोष्टींवर अंगावर येतो, चुका करतो, तर त्याला चारचौघांत समजावू नका. चहाला बाजूला न्या आणि विचारा, झोप लागते का? या एका प्रश्नाने पुष्कळ दारे उघडतात. त्याने बोलायला सुरुवात केली की मध्ये उपदेश करू नका. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली, तर ती थट्टेवारी नेऊ नका, त्याला एकटे सोडू नका, घरच्यांना कळवा आणि डॉक्टरकडे घेऊन जा. मार्च 2020 च्या अखेरीस निम्हान्सने लोकांच्या मनाच्या आधारासाठी दूरध्वनी सेवा सुरू केली होती. पुढे 10 ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही देशभरची सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक 14416. फोन फुकट आहे, आणि मराठीतही बोलता येते.

शेवटी त्या फोनवर बसलेल्या मुलीविषयी सांगते. मागे मी तिला भेटायला गेले होते. मी म्हटले, "तुझी काही चूक नव्हती गं." ती म्हणाली, "सिस्टर, हे मला सगळे सांगतात. पण त्या दिवसांत एकदाही कोणी येऊन म्हटले नाही, की ऊठ, आता तासभर मी बसते." मी मान खाली घातली. कारण मीही म्हटले नव्हते. मी वॉर्डात होते, मला वाटले तिचे बरे चालले आहे.

तुमच्या खात्यांत गाडी चोवीस तास चालते, डाक चोवीस तास फिरते, ती कशाच्या जोरावर? एकाची पाळी संपली की दुसरा येऊन चार्ज घेतो, या एका शिस्तीच्या जोरावर. मनाचे ओझेही तसेच आहे. ते एकट्याने वाहायचे नसते, त्याचा चार्ज देता-घेता आला पाहिजे. तो देण्याघेण्याची व्यवस्था मागणे, हे कामगार संघटनेचे काम आहे. पुढची साथ केव्हा येईल, हे मला सांगता येणार नाही. ती येईल तेव्हा कोणी परिचारिका, कोणी पोस्टमन, कोणी गार्ड एकटा पडू नये, एवढी तयारी आपण आजपासून करू या.